अँगस टेनंटचा नववा हंगाम

माझी बायको माधवी गेल्याचे मला शुक्रवारी दुपारी पावणेदोनला कळले. ती गेली होती सकाळी साडेअकराच्या सुमारास. मधल्या वेळात मी अंबाडीला आक्काकडे होतो आणि जेवत होतो.

आक्का माझी मोठी बहीण. तिच्या डोळ्यांचे थेंब अंबाडीत मिळत नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा मी ते भिवंडीहून घेऊन जातो. त्या दिवशी माझा फोन घरीच राहिला होता. शेजारच्या इक्बालने आक्काच्या घरी फोन केला तेव्हा मी मागच्या दारी हातपाय धूत होतो. आक्काने फोन घेतला, ऐकला, ठेवला आणि मला पानावर बसवले. पिठले होते, भात होता, आंब्याची डाळ होती. तिने दोनदा भात वाढला. मी नको म्हणालो तर म्हणाली, "घे रे. आज नाही म्हणू नकोस." मी घेतला. हात धुऊन आलो तेव्हा तिने सांगितले.

"आधी सांगितलं असतं तर तू जेवला नसतास," ती म्हणाली. "आणि मग उद्यापर्यंत तुला कोणी विचारलं नसतं."

ते खरे निघाले. मला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी जेवायला विचारले नाही. आक्काने केले ते चूक की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेले नाही. डाळ चांगली झाली होती, हेही मला आठवते आणि आठवते याची लाज वाटते.

माधवी स्वयंपाकघरात पडली होती. ते कळले ते शुक्रवार होता म्हणून. आमच्या समोर इक्बालचा यंत्रमागाचा कारखाना आहे, बाजूला आणखी तीन. सहा दिवस लूमचा खडखडाट असतो, शुक्रवारी सगळे बंद. त्या शांततेत इक्बालच्या बायकोला, जुबैदाला, भिंतीपलीकडून आमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. पाच झाल्या, सहा झाल्या, आठ झाल्या. माधवी तीन शिट्ट्यांना गॅस बंद करायची. जुबैदा दार ढकलून आत गेली. दुसरा कोणताही वार असता तर मी संध्याकाळी घरी येऊन स्वतःच पाहिले असते.

मिहिर, माझा मुलगा, लंडनला असतो. तो शनिवारी संध्याकाळी पोचला. त्याच्यासाठी थांबायचे नाही हे आक्काने ठरवले. उन्हाळा आहे, बर्फाच्या लाद्या किती पुरणार, असे ती म्हणाली. सई, माझी मुलगी, कल्याणहून लगेच आली होती. ती म्हणत होती, थांबू या. मला दोघींनी विचारले. मी म्हणालो, तुम्ही ठरवा. मिहिरने आईला पाहिले नाही.

दहाव्या दिवशी, रविवारी, आम्ही शेलारच्या बाजूला कामवारी नदीवर गेलो. इक्बालने स्वतःची गाडी काढली. आत मी, मिहिर, सई, आक्का आणि मांडीवर केळीची पाने. घाटावर गुरुजी आधीच आले होते. त्यांना त्या सकाळी अजून दोन ठिकाणी जायचे होते आणि ते त्यांनी आल्याआल्या सांगितले.

विधी झाले. पिंड मांडले. पानावर वरणभात, बटाट्याची भाजी, शिरा, आणि सईने आणलेल्या दोन खाऱ्या. माधवी रोज चार वाजता चहात खारी बुडवून खायची. मग आम्ही मागे सरकून उभे राहिलो आणि कावळ्याची वाट पाहू लागलो.

कावळे होते. उंबरावर सात-आठ बसले होते. पण खाली एकही येईना. दहा मिनिटे गेली, वीस गेली. घाटाची झाडलोट करणारा लडकू पायरीवर बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "घाई नका करू काका. भुकेली हाईत. पन बाईंच्या मनात काय तरी राहलंय. बोला, काय राहलंय ते बोला."

अशा वेळी घरच्यांनी बोलायचे असते. गेलेल्याची जी इच्छा राहिली असेल ती आम्ही पुरी करू, असे मोठ्याने सांगायचे. कावळा शिवला म्हणजे वचन पोचले. मी विज्ञान शिकवणाऱ्या शाळेत बत्तीस वर्षे हेडक्लार्क होतो. माझा यावर विश्वास आहे की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवशी त्या पानाकडे बघताना तो असावा असे वाटत होते.

आक्का पुढे झाली. "माधवी, वज्रेश्वरीची ओटी भरायची राहिलीय ना तुझी? मी भरीन हो. खण-नारळ घेऊन जाईन."

कावळे बसून राहिले.

"सईला मूल होईल, त्याची काळजी करू नकोस."

"आत्या!" सई म्हणाली.

"अगं, तिच्या मनात होतं ते बोलले."

"तुझ्या मनात होतं."

लडकू तंबाखू तोंडात टाकून दुसरीकडे बघू लागला. गुरुजींनी घड्याळ पाहिले. ते हळूच म्हणाले की दर्भाचा कावळा करूनही शिवता येते, शास्त्रात सोय आहे. मिहिर म्हणाला, "नाही. थांबू या." त्या दिवसांत तो पहिल्यांदाच एवढ्या ठामपणे बोलला.

मग जे झाले ते अर्ध्या मिनिटात झाले. मिहिर पानाकडे बघून म्हणाला, "आई, बाबांना मी माझ्याकडे घेऊन जाईन. एकटं ठेवणार नाही." त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत सई रडत म्हणाली, "आई, अँगसची शेवटची मॅच आम्ही ऐकू गं. तुझी वही पुरी करू." त्याच वेळी आक्का सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाली, "ओटीबरोबर साडी नेसवीन देवीला, नऊवारी!" आणि उंबरावरून एक कावळा उतरला, पिंडाला चोच लावली, खारीचा तुकडा उचलला आणि गेला.

"झालं," गुरुजी म्हणाले. "हात जोडा."

आम्ही हात जोडले. मग आक्काने विचारले, "गुरुजी, कोणाचं पोचलं?"

"म्हणजे?"

"तिघं बोलत होतो. कोणाच्या बोलण्याला आला?"

गुरुजी पिशवी आवरत होते. "स्पर्श झाला. पुढचं घरच्यांनी बघायचं," ते म्हणाले. जाता जाता सईला त्यांनी विचारले, "ते अँगस कोण? नातेवाईक का?"

अँगस टेनंट हा स्कॉटलंडमधला फुटबॉल खेळाडू. किल्ब्राय नावाच्या लहान गावाच्या क्लबाकडून तो एकवीस हंगाम खेळला. बचावपटू. म्हणजे गोल करणारा नव्हे, होऊ न देणारा. एवढे मला माधवीमुळे कळते. बाकी फुटबॉलमधले मला काही कळत नाही आणि तिलाही कळत नव्हते. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची.

एकवीस वर्षांपूर्वी मिहिर कापड शिकायला किल्ब्रायला गेला. तेव्हा इक्बाल म्हणाला होता, "भिवंडीचा पोरगा कापड शिकायला तिकडे? माझ्याकडे पाठवा, फुकट शिकवतो. वर चहा." पहिल्याच महिन्यात मिहिरच्या घरमालकाने त्याला मैदानावर नेले. रविवारी फोनवर त्याने आईला सांगितले की एक नवा मुलगा खेळायला आला होता, एकोणीस वर्षांचा, आणि पहिल्याच सामन्यात त्याने चेंडू आपल्याच जाळ्यात मारला आणि मैदानातच रडायला लागला. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा जेवलास का हे विचारायच्या आधी माधवीने विचारले, "त्या मुलाला परत घेतलं का रे?"

घेतले होते. तेव्हापासून ती विचारत राहिली आणि वहीत लिहीत राहिली.

चार वर्षांनी मिहिर लंडनला गेला आणि त्याचे ते मैदान सुटले. माधवीचे सुटले नाही. इक्बालने तिला फोनवर क्लबाची कॉमेंटरी लावायला शिकवले. शनिवारी संध्याकाळी ती कानात वायर घालून रविवारची भाजी निवडत बसायची. मधेच म्हणायची, "पिवळं कार्ड मिळालं मेल्याला." मी पेपर वाचत असायचो. कोणी मालिका बघतात, ही हे ऐकते, असे मला वाटायचे. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही विचारले नाही, का ऐकतेस. विचारायला हवे असे तेव्हा वाटले नाही.

या हंगामाअखेर तो खेळणे थांबवणार हे फेब्रुवारीत जाहीर झाले. ते तिने मला सांगितले नाही. सईला फोनवर सांगितले आणि म्हणाली, "आता शनिवारी काय करायचं गं?"

घरी आलो तोवर बारा वाजले होते. जुबैदाने सरबत करून ठेवले होते. आम्ही अजून चपला काढत होतो तेवढ्यात आक्का म्हणाली, "कावळा माझ्या ओटीला आला. बरोबर मी म्हटलं आणि उतरला."

"आत्या, ओटीचं तू आधीच म्हणाली होतीस," मिहिर म्हणाला. "तेव्हा हलला नाही तो."

"तेव्हा खण म्हटला होता. मग साडी म्हटली."

"म्हणजे आईने घासाघीस केली?"

"देवीच्या बाबतीत थट्टा नको."

सई म्हणाली, "मी अँगस म्हटलं तेव्हा तो फांदीवरून उडाला. मी बघत होते. तुम्ही दोघं पानाकडे बघत होता, मी झाडाकडे."

"उडाला तेव्हा मी बोलत होतो," मिहिर म्हणाला. "तू माझ्या बोलण्यावर बोललीस. नेहमीसारखी."

"नेहमीसारखी? चार वर्षांनी येतोस आणि नेहमीसारखी?"

इक्बाल दारात उभा होता. सई त्याच्याकडे वळली. "चाचा, तुम्ही लांबून बघत होता. तुम्ही सांगा. कावळा उतरला तेव्हा कोण बोलत होतं?"

"मी?" इक्बाल म्हणाला. "पोरी, मी गाडीजवळ होतो. चाळीस वर्षं लूममध्ये काढली, डावा कान कधीच गेला. उजव्याने लडकूची खोकल्याची उबळ ऐकली, बस. आणि कावळ्याच्या केसमध्ये माझी साक्ष चालते का?"

"तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणून विचारलं."

"खोटं नाही बोलणार. पण खरं माहीत पाहिजे ना."

जुबैदा ग्लास भरत होती. ती म्हणाली, "बाई होत्या तेव्हा कोणी विचारलं नाही काय पाहिजे. आता कावळ्याला विचारताय." तिने मला सगळ्यात आधी सरबत दिले.

त्या दुपारी हा वाद का झाला हे मला कळत होते. ओटी भरणे सोपे आहे. सामना ऐकणे त्याहून सोपे. पण कावळा मिहिरच्या वचनाला शिवला असेल तर मला हे घर सोडून जायचे होते. सगळे कावळ्याबद्दल बोलत होते आणि मध्ये मी बसलो होतो.

आक्का आधी मिहिरच्या बाजूने झाली. "हे बघ शरद," ती म्हणाली, "तिघांचंही करून टाका. माझी ओटी मी करते, सई तो खेळ ऐकेल, तू मुलाकडे जा. बाप मुलाकडे राहिला तर त्यात वाईट काय? कोणाचं पोचलं ते मग बघायलाच नको."

"बरोबर," मिहिर म्हणाला. "मी तेच म्हणतोय. आधी सहा महिन्यांचा व्हिसा होतो. वरची खोली मोकळी आहे, पुढे बाग आहे. नंतर परत यायचं, परत जायचं."

"आणि हे घर?" सईने विचारले.

"बंद ठेवून वाळवी लागेल. कोणाला तरी राहायला देऊ."

आक्काने ग्लास खाली ठेवला. "राहायला देऊ म्हणजे? मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे येते तेव्हा उतरायचं कुठे?"

"आत्या, महिन्यातून एक दिवस..."

"एक दिवस असो. डोळ्यांत थेंब घातल्यावर मला दोन तास दिसत नाही. स्टँडवर बसू का?" ती माझ्याकडे वळली. "नाही रे शरद. म्हातारपणी थंडीत कशाला जायचं? तिथे माणूस बोलायला मिळत नाही. मिहिरच सांगायचा, चार वाजता अंधार पडतो."

"हे तुला आत्ता आठवलं?" मिहिर म्हणाला.

"आत्ताच आठवलं."

म्हणजे आक्का सईच्या बाजूने आली. सईला त्याने बरे वाटायला हवे होते, पण मिहिरने तिला विचारले, "मग बाबांनी इथे एकटं राहायचं? कुकर लावून? पडले तर शुक्रवारीच पडायचं, नाही का, जुबैदाचाचींना ऐकू यायला?"

सईने मला नंतर सांगितले की त्या क्षणी तिला कल्याणची दीड खोली दिसली, सासूची खाट दिसली, आणि मी त्यात कुठे झोपेन हे दिसले नाही. 'माझ्याकडे या' हे वाक्य तिच्या तोंडात आले होते. ते तिने गिळले आणि त्यामुळे दादाचा आणखी राग आला. पण त्याच्या म्हणण्यात चूक काढता येईना. ती म्हणाली, "मी दर शनिवारी येईन."

"शनिवारी. मॅच ऐकायला."

"या शनिवारनंतर मॅच नाही ना. मग अँगस संपला."

हे म्हणून ती आत गेली आणि माधवीच्या वह्या घेऊन आली. तीन लांब वह्या, शाळेतल्या हजेरीच्या आकाराच्या. त्या तिने मिहिरच्या पुढ्यात ठेवल्या. "हे बघ. एकवीस वर्षं आई एका माणसाचं लिहीत होती. सहाशे बारा सामने. त्याने नऊ गोल केले, चार वेळा आपल्याच जाळ्यात मारला, नाक दोनदा फुटलं, क्लब दोनदा खालच्या वर्गात गेला. पण तो गाव सोडून गेला नाही. आईला काय आवडायचं ते कळतंय ना? जागचं न हलणारं माणूस. बाबांना हलवू नकोस."

मला ते पटले. इतके पटले की मी मान हलवली. आक्काही म्हणाली, "बघा."

मिहिरने वही उघडली नाही. तो म्हणाला, "तो जाणार होता."

"कोण?"

"अँगस. नवव्या हंगामात. इंग्लंडच्या एका मोठ्या क्लबाने त्याला घेतलं होतं. सामान बांधून गेला. तिथे डॉक्टरांनी गुडघा तपासला आणि नापास केला. मग परत आला. गावातले लोक महिनाभर शिट्ट्या मारून त्याला हिणवत होते. तो राहिला नाही सई, त्याला राहावं लागलं. मी तेव्हा लंडनमध्ये होतो, मीच आईला फोनवर सांगितलं होतं."

"खोटं."

"वहीत असेल बघ. आईने लिहिलं असणारच."

आता सगळे वहीभोवती आले. इक्बालही चपला काढून आत आला आणि चष्मा पुसू लागला. कावळ्याला जे विचारता आले नाही ते माधवीच्या अक्षरात मिळेल असे प्रत्येकाला वाटले असावे. मला तरी वाटले.

दुसऱ्या वहीचा मधला भाग शोधायला वेळ लागला, कारण मिहिर पहिल्या वहीतच अडकला. माधवीने रेघा मारून रकाने पाडले होते. तारीख, कोणाशी सामना, निकाल, तिथले हवामान, अँगस किती वेळ खेळला. शेवटचा रकाना 'तब्येत'. पहिली चार वर्षे त्या रकान्यात मिहिरचे होते. सर्दी. बरी. खोकला, आल्याचा काढा सांगितला. बरी. मिहिर लंडनला गेला त्या आठवड्यापासून त्याच रकान्यात अँगसचे सुरू झाले. गुडघा. बरी. नाक. बरी. मध्ये रेघ नव्हती, नावही बदललेले नव्हते. कोणाची तब्येत आहे हे माहीत असल्याशिवाय कळले नसते.

मिहिर ते पान बराच वेळ पाहत होता. त्याने मला पुढे सांगितले की लंडनला गेल्यावर आई विचारायची, अँगस कसा आहे रे, आणि तो म्हणायचा, बघून सांगतो, आणि ती इंग्लंडची बातमी सोडली तर सांगायचा नाही. आपण सांगितले नाही तरी तिला ते कुठून तरी कळत होते, याचा त्याला त्या वेळी राग आला की बरे वाटले, हे त्याला सांगता आले नाही.

"दे इकडे," सई म्हणाली आणि तिने दुसरी वही उघडली. नववा हंगाम, जानेवारी. ती मोठ्याने वाचू लागली. "सामना नाही. बर्फ. अँगस इंग्लंडला गेला. बरे झाले. तिथे गुडघ्याचे डॉक्टर चांगले असतील."

मिहिरने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण आपले म्हणणे खरे निघाल्यासारखे काहीतरी होते. "बघा बाबा," तो म्हणाला. "बरे झाले."

"थांब," सई म्हणाली. "पुढच्या ओळीत आहे. पुढचा शनिवार. किल्ब्राय शून्य, पाहुणे दोन. धुके. अँगस परत आला. बरे झाले."

"पुढे?"

"पुढे काही नाही. तब्येत, गुडघा."

आक्का म्हणाली, "गेला तेव्हा बरे झाले, आला तेव्हाही बरे झाले. म्हणजे काय समजायचं?"

इक्बाल हसला. "बाई शाळेतही अशाच होत्या. आमच्या मेहविशला भूगोलात पंच्याण्णव पडले तर म्हणाल्या, बरं झालं. गणितात उडाली तर म्हणाल्या, बरं झालं, आता अभ्यास करील. मी घरी येऊन जुबैदाला विचारायचो, बाई खूष आहेत की नाराज? आजपर्यंत कळलं नाही."

"नाराज नव्हत्या," जुबैदा म्हणाली. "तेवढं मला माहीत."

सईने आणखी पाने उलटली. एखादे वाक्य कुठेतरी असेल, थांबावे किंवा जावे असे, म्हणून ती शोधत होती. हवामान होते, कार्डे होती, एका ठिकाणी चहाचा डाग होता. मते नव्हती. मी तिच्याबरोबर त्रेचाळीस वर्षे राहिलो. बदलीचा प्रश्न आला तेव्हा, टेमघरची जागा सोडून इथे आलो तेव्हा, मिहिरला पाठवायचे ठरले तेव्हा, मी तिला विचारले होते, तुला काय वाटते. ती दर वेळी म्हणाली होती, चालेल. मी ते होकार समजलो होतो. तो होकार होता का, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा कळेनासे झाले.

चार वाजता सगळे पांगले. आक्का आडवी झाली, सई कपडे वाळत घालायला गेली. मी गॅलरीत उभा होतो. रविवार असल्यामुळे समोर लूम चालू होते, त्यामुळे मिहिर मागे येऊन उभा राहिला ते कळले नाही. त्याला माझ्या कानाशी येऊन बोलावे लागले.

"बाबा, आम्ही तिघं बोलत होतो. तुम्ही काही म्हणालात का तेव्हा?"

"नाही."

"तुमचे ओठ हलत होते. मी बघितलं."

"काही म्हटलं नाही."

"बाबा, मला भांडण नकोय. आत्याला घर पाहिजे, सईला तुम्ही इथे पाहिजे. मला काय पाहिजे ते मला माहीत नाही. मी आईच्या वेळी आलो नाही, एवढंच माहीत आहे. तुमच्या वेळी तसं व्हायला नको."

"अजून माझी वेळ कुठे आली?"

"तसं नाही हो." तो एवढा गोंधळला की मला हसू आले आणि मग दोघांनाही आले. समोरून इक्बालच्या माणसाने पाहिले आणि नजर फिरवली. दहाव्याच्या दिवशी बापलेक हसत होते.

"तुमच्या मनात काय आहे तेवढं सांगा," मिहिर म्हणाला. "हो म्हणालात तर व्हिसाचं बघतो. नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही. आईची शपथ."

"बुधवारी तेरावा होऊ दे," मी म्हणालो.

नदीवर माझे ओठ हलत होते हे खरे आहे. मी वचन दिले नव्हते. तिघे आपापले बोलत असताना मी माधवीला एवढेच म्हणालो होतो की मला काही समजत नाही, तूच सांग. त्यावर कावळा आला. हे मी कोणालाच सांगितले नाही. तिघांचा वाद असताना चौथ्याने कशाला भर घालायची, असे मला वाटले. शिवाय माझ्याच बोलण्याला तो आला असेल तर तिने काय सांगितले, हे मला सांगता आले नसते.

तेरावा झाला. गुरुवारी आक्काने वज्रेश्वरीला ओटी भरली, हिरवी नऊवारी नेसवली आणि येताना सगळ्यांसाठी कुंकू आणले. शनिवारी संध्याकाळी सई आणि इक्बाल यांनी फोन मध्ये ठेवून सामना ऐकला. मी आणि मिहिरही बसलो. कॉमेंटरी करणाऱ्या दोघा म्हाताऱ्यांचे इंग्रजी मला समजत नव्हते, मिहिर सांगत होता. एक-एक बरोबरी झाली. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला अँगसला बाहेर बोलावले आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, ते बराच वेळ चालले. सईने वहीत लिहिले. हवामान तिने मिहिरला विचारून लिहिले. तब्येतीच्या रकान्यात काय लिहायचे यावर तिने थोडा विचार केला आणि 'बरी' लिहिले.

मिहिर सोमवारी सकाळच्या विमानाने गेला. विमानतळावर त्याने मला पुन्हा विचारले नाही, नुसते पाहिले. घरी पोचल्यावर त्याचा फोन आला, तेव्हाही नाही. आता तीन आठवडे झाले. देवीची ओटी झाली, वही पुरी झाली. मी लंडनला जाणार की इथेच राहणार, हे मिहिरला अजून सांगितलेले नाही.